पोटगी म्हणजे अर्धी इस्टेट नव्हे

सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज फिरतोय. "पंचवीस वर्षांचा संसार मोडून बायको अर्धी इस्टेट, अर्धा पगार घेऊन जाते आणि जन्मभर आयतं खाते. पुरुषाला कायद्यात काहीच नाही." आमच्या घरच्या ग्रुपवर तो तिघांनी टाकला. मावशीच्या दाव्यासाठी मी तिच्याबरोबर कौटुंबिक न्यायालयात खेपा घातल्या आहेत, त्यामुळे मला गप्प बसवत नाही.

अर्धी इस्टेट? गोव्यात पती-पत्नीची मालमत्ता सामायिक धरायची पद्धत पोर्तुगीज काळापासून आहे. बाकी देशात सहसा घर ज्याच्या नावावर, त्याचंच राहतं. संसारभर सगळं नवऱ्याच्या नावावर होत जातं, म्हणून तर पोटगी मागायची वेळ येते.

अर्ध्या पगाराचंही तसंच. कायद्यात टक्केवारी नाही. 2017 च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने निव्वळ पगाराच्या 25 टक्के रक्कम वाजवी मानली आणि तो आकडा लोकांच्या तोंडी बसला, पण तो नियम नव्हे. पोटगीच्या गाजलेल्या खटल्यातल्या शहाबानोंना 43 वर्षांच्या संसारानंतर वकील नवऱ्याकडून महिना 179 रुपये 20 पैसे मंजूर झाले होते. तेवढ्याविरुद्धही तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 1985 मध्ये हरला.

आता "आयतं खाते". हे वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं. मावशी बँकेत कारकून होती. नवऱ्याच्या बदल्या, दोन मुलं, मग सासूबाई अंथरुणाला खिळल्या. नोकरी सुटली ती सुटलीच. 26 वर्षांनी दोघं वेगळी झाली. सर्वोच्च न्यायालयाच्या नोव्हेंबर 2020 च्या निकालापासून पोटगीच्या दाव्यात दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. उत्पन्नाच्या रकान्यात मावशीने 'शून्य' लिहिलं आणि पेन तसंच धरून बसली. मग वकीलबाईंना म्हणाली, "आईंचं नऊ वर्षं केलं, ते कुठे लिहायचं?" त्या म्हणाल्या, "लिहा, सगळं लिहा." कारण त्याच निकालात म्हटलंय की घरासाठी नोकरी सोडली असेल तर ते धरायचं, लग्न किती वर्षं टिकलं ते पाहायचं, आणि उतारवयात पुन्हा नोकरी मिळणं अवघड असतं हेही ध्यानात घ्यायचं. पंचावन्नाव्या वर्षी तिला कोणती बँक घेणार होती?

पुरुषाला काहीच नाही, हेही खोटं. हिंदू विवाह कायद्याचं 24 वं कलम दावा चालू असतानाच्या पोटगीचं, 25 वं कायमच्या पोटगीचं. दोन्हींत पती किंवा पत्नी, कुणीही मागू शकतं. फौजदारी कायद्यातली पोटगीची तरतूद, म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेचं जुनं कलम 125 आणि आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 144, यांखाली मात्र पतीला पोटगी मागता येत नाही. ही तक्रार खरी आहे आणि ती मांडायला माझी हरकत नाही.

"जन्मभर"सुद्धा सरसकट नाही. परिस्थिती बदलली, नोकरी गेली, तर रक्कम बदलून मागता येते. पोटगी घेणाऱ्याने पुनर्विवाह केला तर ती बंदही होऊ शकते.

खरी अडचण हुकूम झाल्यावर सुरू होते. मावशीचे चार महिने थकलेत. वसुलीचा अर्ज आम्ही परवाच दाखल केला.