झोपडी हलवाल, पण कुठं?

"अतिक्रमणं काढा, कोल्हापूर चकाचक होईल" म्हणणाऱ्यांना माझा साधा सवाल आहे. ताराबाई पार्कात सकाळी भांडी घासायला येणाऱ्या मावशी आणि लक्ष्मीपुरीत पोती उचलणारे हमाल रात्री कुठं झोपावेत? राबायला शहरात आणि झोपायला हद्दीबाहेर, हे जमायचं नाही. लांब नेऊन टाकलं की रोजचं वडापचं (शेअर जीपचं) भाडं भरायचं कुणी?

नदीकाठाचं मला मान्य आहे. २०१९ आणि २०२१ चे पूर आपण सगळ्यांनी बघितलेत. निळ्या पूररेषेच्या आत, म्हणजे नदीलगतच्या बांधकामाला मनाई असलेल्या पट्ट्यात, कुणीच राहू नये. पण कुणीच म्हणजे कुणीच! पत्र्याच्या खोलीला नोटीस आणि भराव टाकून उठवलेल्या इमारतीला पळवाट, असं असेल तर पूररेषेचं नाव कशाला घेताय?

"कोर्ट गरिबांच्या बाजूनं आहे" हेही अर्धंच खरं. १९८५ च्या ओल्गा टेलिस खटल्यात सुप्रीम कोर्टानं उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कातच धरला. भाषणात एवढंच सांगतात. फुटपाथवरच्या झोपड्या पावसाळा संपल्यावर हटवायला त्याच निकालानं मोकळीक दिली होती. बुलडोझरनं घरं पाडण्यावरच्या सुप्रीम कोर्टाच्या नोव्हेंबर २०२४ च्या निकालात किमान १५ दिवसांची नोटीस सक्तीची झाली खरी, पण रस्ता, फुटपाथ, रेल्वेलगतची जागा आणि नदीकाठ त्यातून वगळले. सगळ्यात गरीब माणूस राहतो नेमका तिथंच.

म्हणून वस्तीतल्या मंडळींनो, कागद जपा. १९७१ च्या झोपडपट्टी कायद्यात १ जानेवारी २००० च्या आधीपासून राहत असल्याच्या पुराव्याला मोल आहे. जुनी मतदार यादी, रेशनकार्ड, लाईटबिल, घरफाळ्याची पावती, सगळं एका प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा. पुराचं पाणी चढलं की टीव्हीच्या आधी ती पिशवी उचला.

शाहू महाराजांचं नाव तर आपण उठता-बसता घेतो. १९०१ ला मराठा बोर्डिंग, मग जैन, मुस्लिम, लिंगायत, अस्पृश्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. खेड्यातल्या पोरानं शिकायचं तर आधी त्याला शहरात डोकं टेकायला जागा पाहिजे, हा त्यामागचा हिशेब. तोच हिशेब राबणाऱ्या माणसाला लावायला आपल्याला का जड जातं?

वस्तीतली माणसं सोबत घेऊन सर्व्हे करा, कामापासून चालत जाण्याच्या अंतरावर जागा द्या, आणि चाव्या हातात पडल्यावरच जुनी भिंत पाडा. मतं मागायला गल्लीत येणाऱ्या प्रत्येकाला मी हेच विचारणार आहे: पर्यायी जागा कुठली, आणि चाव्या कधी?