जंपर, नॉब आणि तुमचे आक्षेप

नमस्कार काका,

नाव दिलेलं नाहीत, पण वागळे इस्टेटमध्ये तीस वर्षं गाड्यांचं वायरिंग केल्याचं लिहिलंत, म्हणून काका म्हणतो. गाडीच्या स्टिरिओच्या आवाजासाठी वेगळा नॉब कसा जोडला, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया रात्री वाचली. सकाळी मल्टिमीटर घेऊन सोसायटीच्या पार्किंगमध्ये गेलो आणि मगच लिहायला बसलो. तुमचे आक्षेप असे: स्टिरिओसाठी गाडीच्या कॅन नेटवर्कमध्ये (गाडीतले भाग ज्या दोन तारांवरून एकमेकांना संदेश पाठवतात त्यात) हात घालणं हा जिवाशी खेळ आहे, कारण ब्रेक आणि एअरबॅगही त्यावरच बोलतात. माझ्या फोटोतल्या मॉड्यूलवर १२० ओहमचा रेझिस्टर जोडणारा जंपर (काढता येणारी छोटी जोडणी) तसाच दिसतोय. आणि असले उद्योग लोकांना शिकवू नयेत, सरळ नवा स्टिरिओ बसवावा.

आधी जंपर. तुमचं बरोबर आहे, माझं चुकलं. कॅनच्या दोन तारांच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर गाडीत असतोच. बॅटरी सोडवून तारांमध्ये मीटर लावला की ६० ओहम दिसले पाहिजेत. बाजारात मिळणाऱ्या एमसीपी२५१५ या कॅन चिपच्या मॉड्यूलवर तसाच तिसरा असतो, आणि जंपर न काढल्यास तोही समांतर जोडला जातो. आज मोजले तर ४० आले. जंपर काढला, ६० आले. इतके दिवस गाडी बिनतक्रार चालली म्हणून माझी चूक लहान होत नाही. फोटो बदलतोय.

नवा स्टिरिओ का नाही, हे मी लेखात सांगितलंच नव्हतं. बाबांना पार्किन्सन्स आहे. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये माझ्या शेजारी बसून नाट्यगीतं ऐकणं हा त्यांचा मोठा आनंद, पण टचस्क्रीनवरची आवाजाची बारीक खूण थरथरत्या बोटाला सापडत नाही. दर वेळी मला सांगायचं त्यांच्या जिवावर येतं. नव्या स्टिरिओलाही टचस्क्रीनच आली, शिवाय आमच्या गाडीत एसीची सेटिंग आणि रिव्हर्स कॅमेरा त्याच पडद्यावर आहेत. मला त्यांच्या हाताशी, मुठीत मावेल असा एक मोठा नॉब हवा होता.

‘हात घालणं’ या शब्दाशी मात्र मी सहमत नाही. पहिल्या तीन संध्याकाळी मी नुसतं ऐकत होतो. एमसीपी२५१५ फक्त ऐकण्याच्या मोडवर ठेवला की तो संदेशाची पोचसुद्धा देत नाही, बाकीच्यांना तो तिथे आहे हेही कळत नाही. इंजिन बंद, स्टिअरिंगवरचं व्हॉल्यूमचं बटण दहादा दाबायचं, आणि दर दाबाला कुठल्या आयडीच्या (ओळख-क्रमांकाच्या) संदेशातला आठ बाइटांपैकी कोणता बदलतो ते बघायचं. यात गाडीला काहीही सांगितलं जात नाही.

नॉब फिरवल्यावर बटणाचा संदेश पाठवायला, म्हणजे बोलायला लागलो की गोष्ट वेगळी, आणि लेखाचा खरा दोष तुम्ही म्हणता त्याच्याही पुढचा आहे. ‘मग तोच संदेश आपण पाठवायचा’ हे मी एका ओळीत उरकलं. कॅनचा नियम असा की एक आयडी एकाच मॉड्यूलने वापरायचा. दोघे एकाच वेळी बोलू लागले तर कमी आकड्याचा आयडी पुढे जातो, दुसरा थांबतो. पण आयडीच सारखा असला तर कोणीच थांबत नाही, पुढच्या डेटात फरक पडतो आणि एरर होते. पाठवणाऱ्याचा एरर काउंटर दर वेळी आठने चढतो आणि २५५च्या वर गेला की ते मॉड्यूल नेटवर्कवरून बाजूला होतं. म्हणजे स्टिअरिंगची बटणं माझ्यामुळे मुकी होऊ शकली असती. आता माझं सर्किट खऱ्या संदेशाची वाट बघतं आणि तो संपल्या संपल्या आपला पाठवतं. हे लेखात सविस्तर घालतोय.

ब्रेकचं म्हणाल तर आमच्या गाडीत ५०० केबीपीएसचं नेटवर्क इंजिन-ब्रेकसाठी, १२५चं स्टिरिओ-एसी-दरवाज्यांसाठी, आणि मध्ये गेटवे, म्हणजे एकीकडचे संदेश दुसरीकडे नेणारं मॉड्यूल, आहे. मी जोडलंय ते १२५च्या जोडीला. पण प्रत्येक गाडीत अशी विभागणी असेलच असं नाही, आणि असली तरी ती अभेद्य नसते. २०१५ साली चार्ली मिलर आणि ख्रिस व्हॅलासेक यांनी जीप चेरोकीच्या स्टिरिओतूनच शिरून ब्रेकपर्यंत मजल मारली, आणि कंपनीला १४ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या.

म्हणूनच शिकवू नये हे मला पटत नाही. बॉशने १९८६मध्ये कॅन जगापुढे आणलं तेव्हा तारेवरचा प्रत्येक जण आपलाच, असं गृहीत होतं. संदेश कोणी पाठवला हे तपासायची सोयच त्यात नाही. ब्रिटनमध्ये चोरांनी पुढच्या दिव्याच्या तारांवर खोटे संदेश सोडून गाड्या पळवल्या आहेत. त्यांना माझ्या लेखाची गरज पडली नाही. गाडीच्या मालकाला मात्र आपल्या गाडीत काय चालतं हे कळायलाच हवं, आणि ते मराठीत कळायला हवं.

तुमचा शेवटचा प्रश्न, बॅटरी उतरते का? पहिल्या आठवड्यात उतरली होती. मी सप्लाय कायम चालू लाइनवरून घेतला होता, आणि माझे संदेश चालू असल्यामुळे बाकीची मॉड्यूल रात्रभर झोपतच नव्हती. आता एसीसीच्या, म्हणजे चावी फिरवल्यावरच चालू होणाऱ्या, लाइनवर, एक अँपिअरच्या फ्यूजमधून घेतलाय. आज सकाळी चावी काढून मोजलं: माझ्या सर्किटचा करंट शून्य.