मुदतवाढीवर सही कोणाची असते?

गेल्या रविवारी चिपळुणातल्या चिंचनाक्याजवळच्या आमच्या कट्ट्यावर मी उशिरा पोहोचलो, कारण भाच्याला दवाखान्यातून घरी आणायचे होते. आठवड्यापूर्वी रात्री साडेनऊच्या सुमारास तो दुचाकीवरून घरी येत असताना मुंबई-गोवा महामार्गावर, कामासाठी वाहतूक वळवलेल्या एका वळण रस्त्यावर पडला आणि त्याच्या मनगटाचे हाड मोडले. दुपारपर्यंत ज्या बाजूने वाहने जात होती ती बाजू संध्याकाळी बंद करण्यात आली होती. वळणावर फलक नव्हता, रात्री चमकणारी पट्टी नव्हती, होता तो फक्त खडीचा ढीग. हे सांगून होताच भाई म्हणाला, "काम चालू असलेल्या रस्त्यावर सांभाळूनच गाडी चालवायला हवी. मुलाची चूक नाही असे नाही." भाई स्वतः गटारे, मोऱ्या आणि संरक्षक भिंतींची कामे उपकंत्राटाने घेतो आणि आमचा तीस वर्षांचा मित्र आहे. मला त्याच्या बोलण्याचा राग आला आणि तो मी लपवला नाही.

मध्ये पडले ते नाना. सार्वजनिक बांधकाम खात्यातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झालेले नाना आमच्यात वयाने मोठे आहेत आणि त्यांचा शब्द कोणी सहसा खाली पडू देत नाही. ते म्हणाले, "भाई, नवा रस्ता पूर्ण होईपर्यंत जुना रस्ता वाहतुकीसाठी सुरक्षित ठेवणे हे कंत्राटातच लिहिलेले असते. फलक, पट्ट्या, दिवे, वळण रस्त्याची देखभाल हे सगळे कामाचाच भाग आहे. तेव्हा त्या पोराने काय केले हे नंतर पाहू. त्या संध्याकाळी बाजू बदलली तेव्हा जागेवर खात्याचा किंवा सल्लागाराचा कोण माणूस उभा होता, हे आधी विचारा."

इथून वादाला तोंड फुटले. महामार्ग का रखडला यावर आम्ही इतकी वर्षे बोलत आलो आहोत की प्रत्येकाची बाजू प्रत्येकाला पाठ आहे. पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या चौपदरीकरणाचे काम २०११ मध्ये सुरू झाले, त्याला आता दशकाहून अधिक काळ लोटला. तो टप्पा भारतीय राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे, तर इंदापूरच्या पुढे झारापपर्यंतचा भाग राज्याच्या बांधकाम खात्याच्या राष्ट्रीय महामार्ग विभागाकडे, अशी एकाच रस्त्याची दोन घरे झाली. भाईचे म्हणणे असे की या उशिराचे खापर कंत्राटदारावर फोडणे अन्यायाचे आहे. "कर्नाळ्याला अभयारण्याची परवानगी अडली, ती कंत्राटदाराने अडवली का? आपल्या परशुराम घाटात जमिनीचा मोबदला मूळ मालकाला, कुळाला की देवस्थानाला यावरून वाद झाला, तो कंत्राटदाराने लावला का? यंत्रे भाड्याने आणून उभी ठेवायची, कामगारांना बसून पगार द्यायचा आणि वर शिव्याही खायच्या."

भाईच्या या बोलण्यात तथ्य आहे, हे मी तेव्हाही मान्य केले आणि आताही करतो. कोकणातला सातबारा ज्यांनी पाहिला आहे त्यांना सांगायला नको. वीस गुंठ्यांवर सामायिक चाळीस नावे, त्यांतली निम्मी मुंबईत, काही हयातही नाहीत. अशा जमिनीचा मोबदला वाटायला वेळ लागतो आणि लागायलाही हवा, कारण तिथे घाई झाली की बुडतो तो गरीब वारसदार.

पण कट्ट्यावरच्या आमच्या वकील मित्रांनी विचारले ते मला निरुत्तर करणारे वाटले. याच मातीतून, याच पावसातून आणि अशाच सातबाऱ्यांतून कोकण रेल्वे गेली. १९९० मध्ये महामंडळ स्थापन झाले आणि २६ जानेवारी १९९८ रोजी रोह्यापासून ठोकूरपर्यंतचा सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग राष्ट्राला अर्पण झाला. त्यात करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा होता, पानवलचा उंच पूल होता, पेडण्याच्या बोगद्यात पुन्हा पुन्हा ढासळणारी माती होती आणि गोव्यातला मार्गाचा वादही होता. "मग डांबरी रस्ता रुंद करायला दुप्पट वेळ का लागतो?" भाईने लगेच उत्तर दिले की रेल्वेने नवी वाट काढली, तिच्यावरून रोज हजारो वाहने जात नव्हती, महामार्ग मात्र वाहतूक चालू ठेवून, वस्त्यांच्या मधून, दुकाने हटवत करायचा आहे. हेही खरेच आहे. तरी ई. श्रीधरन यांच्या हाताखालच्या त्या कामात एक गोष्ट होती जी इथे नाही: अमुक बोगद्याचे आज किती मीटर झाले आणि का झाले नाहीत, याचे उत्तर देणारा एकच अधिकारी होता आणि तो कोण, हे ठाऊक होते.

मी सावित्रीचा पूल आठवून दिला. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा तो ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला आणि दोन एसटी गाड्या त्यांतल्या माणसांसह नदीत गेल्या. त्यानंतर नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला आणि ५ जून २०१७ रोजी वाहतुकीला खुला झाला. म्हणजे खाते तेच, नदी तीच, अभियंतेही याच राज्यातले. मनावर घेतले तेव्हा काम झाले. भाई म्हणाला की एका पुलाची गोष्ट वेगळी, तिथे जमीन घ्यायची नव्हती आणि पैसा अडणार नव्हता. नाना मात्र म्हणाले, "आणि तिथे रोज कोणीतरी मोठा माणूस जाऊन पाहत होता, हे विसरू नकोस. लोक मेले होते म्हणून पाहत होता. ते न मरताही पाहायला हवे, एवढेच माझे म्हणणे आहे."

पाहणे म्हणजे काय, यावर नाना जे बोलले ते मला त्या संध्याकाळचे सर्वांत मोलाचे वाटते, म्हणून सविस्तर लिहितो. त्यांच्या उमेदीच्या काळात मोजमाप पुस्तक, म्हणजे ज्याला सगळे एमबी म्हणतात ते, शाखा अभियंत्याच्या जिवाइतके जपायचे असे. पायाची खोली, सळईची जाडी, भिंतीची लांबी जागेवर टेप धरून मोजायची, पुस्तकात लिहायची, खाली सही करायची आणि त्यावरून देयक निघायचे. त्यात खोटे लिहिणारे होतेच; पण खोटे लिहिले तर ते एका माणसाच्या हस्ताक्षरात राहायचे आणि चौकशी झाली की तोच अडकायचा. आता मोठी कामे ईपीसी पद्धतीने दिली जातात. त्यात आराखडा कंत्राटदारच करतो, सल्लागार तो तपासतो आणि पैसे मोजलेल्या मापावर नव्हे तर ठरलेल्या टप्प्यांवर दिले जातात. "पद्धत वाईट नाही," नाना म्हणाले, "जगभर चालते. पण तिच्यात खात्याचा अभियंता जागेवरून उठून टेबलावर गेला. जागेवर राहिला तो सल्लागार कंपनीचा मुलगा, ज्याची नोकरी काम संपले की संपते आणि ज्याला कंत्राटदाराच्याच गाडीतून साइटवर जावे लागते."

"बीओटी, म्हणजे बांधा-वापरा-हस्तांतरित करा पद्धतीत तर," वकिलांनी जोड दिली, "स्वतंत्र अभियंत्याच्या शुल्काचा अर्धा भार कंत्राटदारावरच असतो. ज्याच्यावर लक्ष ठेवायचे त्याच्याच खिशातून निम्मा पगार, आणि नाव मात्र स्वतंत्र."

भाईला हे लागले. तो म्हणाला की सगळे सल्लागार विकलेले नसतात, त्याच्या एका संरक्षक भिंतीचा तीन मीटरचा भाग अशाच एका पोराने पाडून पुन्हा बांधायला लावला होता आणि त्याने तो निमूटपणे बांधला. मला ही गोष्ट ठाऊक नव्हती आणि ऐकून बरे वाटले. पण नानांनी त्याला सरळ विचारले, "क्यूब कोण भरतो, भाई?" भाई थोडा वेळ गप्प बसला. ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: ओतल्या जाणाऱ्या काँक्रीटमधूनच थोडे घेऊन १५० मिलिमीटरचे ठोकळे भरायचे, ते पाण्यात ठेवायचे आणि ७ व २८ दिवसांनी यंत्रात दाबून त्यांची ताकद पाहायची, ही चाचणी. देखरेख करणारा जागेवर नसेल तर ठोकळ्यांचे मिश्रण वेगळ्या घमेल्यात, सिमेंट जास्त घालून कालवले जाते. ठोकळा पास होतो आणि भिंत तशीच राहते. साधे क्युरिंग घ्या. काँक्रीटवर निदान सात दिवस पाणी मारायचे हा नियम गावातल्या गवंड्यालाही ठाऊक आहे, पण एप्रिलच्या उन्हात कोरडे पडलेले गोणपाट आम्ही सगळ्यांनी पाहिले आहेत. ते कोरडे आहे, हे सांगायला प्रयोगशाळा लागत नाही. तिथून चालत जाणारा माणूस लागतो.

बहादूरशेख नाक्याचा विषय निघाल्याशिवाय चिपळुणात ही चर्चा पुरी होत नाही. १६ ऑक्टोबर २०२३ रोजी सकाळी बांधकाम चालू असलेल्या उड्डाणपुलाचा भाग खचला आणि दुपारी गर्डर, म्हणजे पुलाच्या तुळया, त्या बसवणाऱ्या लाँचर यंत्रासह खाली आले. कोणाचा जीव गेला नाही, हे आपले भाग्य. पुढे रचना बदलून खांबांमधले अंतर कमी करण्याचा निर्णय झाला. वकिलांचा प्रश्न असा की अंतर कमी करणे योग्य असेल तर आधीच्या अंतराला मान्यता देणाऱ्यांनी ती कशाच्या आधारावर दिली, आणि आधीचे अंतर योग्यच असेल तर दोष कामात होता. दोन्हींपैकी काहीही असले तरी कागदावर कोणाची तरी सही असणार. ती सही चिपळूणकरांना कोणी दाखवली का? मला हा प्रश्न महामार्गाच्या उशिरापेक्षाही मोठा वाटतो, कारण उशिरा झालेल्या पुलावरून माणूस निदान जाऊ तरी शकतो.

अंधेरीहून सुट्टीला आलेला आमचा मित्र इतका वेळ ऐकत होता. त्याने गोखले पुलाचे उदाहरण दिले. जुना पूल नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद झाला, नव्याची एक बाजू फेब्रुवारी २०२४ मध्ये उघडली, तेव्हा शेजारच्या बर्फीवाला उड्डाणपुलाशी त्याची उंचीच जुळली नाही. पुढे जॅक लावून बर्फीवाला पुलाचा भाग उचलावा लागला. रेल्वेवरचा भाग रेल्वेच्या अटींनुसार, पोहोचरस्ते महापालिकेचे. मुंबईसारख्या ठिकाणी, जिथे अभियंत्यांची कमतरता म्हणता येत नाही, तिथे हे झाले.

आणि मग नानांनी मुदतवाढीची गोष्ट काढली. प्रत्येक कामावर हिंडरन्स रजिस्टर नावाची नोंदवही ठेवायची असते. कोणत्या दिवशी, कोणत्या अडथळ्यामुळे, किती दिवस काम थांबले, तो अडथळा खात्यामुळे की कंत्राटदारामुळे, हे त्यात तेव्हाच्या तेव्हा लिहायचे. उशीर खात्यामुळे झाला तर कंत्राटदार भरपाई मागू शकतो. त्याच्यामुळे झाला तर त्याला दंड बसतो. म्हणून ही वही रोजच्या रोज लिहिली गेली, तर दोघांनाही ती अवघड जाते. ती रिकामी राहिली तर मुदत संपताना दोघे एकत्र बसतात: तुम्ही दंड लावू नका, आम्ही भरपाई मागत नाही, आणि विनादंड मुदतवाढीचा प्रस्ताव वर जातो. "मी असे प्रस्ताव तयार केले आहेत," नाना शांतपणे म्हणाले. "वरून सांगितले म्हणून केले. पाच वर्षांच्या नोंदी एका दुपारी एकाच पेनाने लिहिलेल्या मी पाहिल्या आहेत."

यावर कोणीच काही बोलले नाही. जमिनीचा वाद, जंगलाची परवानगी, पाऊस ही कारणे आम्ही इतकी वर्षे एकमेकांना ऐकवत होतो. ती कारणे खरी किती दिवसांची आणि बाकीचे दिवस कोणाचे, हे सांगणारी वही अस्तित्वात असते हेच माझ्यासारख्या शिक्षकाला माहीत नव्हते. उशीर आणि निकृष्ट काम हे दोन वेगळे आजार आहेत असे मी धरून चाललो होतो. नानांचे ऐकल्यावर पटले की जागेवर पाहणारा आणि पाहिलेले त्याच दिवशी लिहिणारा माणूस नसला की एका बाजूने भिंत कच्ची होते आणि दुसऱ्या बाजूने तारीख पुढे जाते.

भाईने शेवटपर्यंत आपली बाजू पूर्ण सोडली नाही. उपकंत्राटदाराला वरचा कंत्राटदार सहा-सहा महिने पैसे देत नाही, त्यामुळे तो माणसे कमी करतो, पाणी मारायला ठेवलेला माणूस सर्वांत आधी काढतो. तेव्हा देखरेखीत पैशांच्या वाटपाकडेही पाहा, असे त्याने ठामपणे सांगितले. त्याचा हा मुद्दा मला पटला आणि अर्जात तो घ्यायचे ठरले.

अर्ज म्हणजे माहिती अधिकाराचा. २००५ च्या त्या कायद्यात कागद मागण्याबरोबरच कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही अधिकार आहे, हे वकिलांनी सांगितले तेव्हा भाईसुद्धा सरसावून बसला. भाचा पडला त्या टप्प्याचे हिंडरन्स रजिस्टर, मुदतवाढीचे आदेश, क्यूबचे अहवाल, वळण रस्त्याच्या सुरक्षेसाठी मान्य झालेला आराखडा, उपकंत्राटदारांना दिलेल्या रकमांची खात्याकडे असलेली नोंद आणि पाहणीची तारीख, एवढे मागायचे आहे. राज्याच्या नियमाप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत हवा. माझा पहिला मसुदा दोनशे दहा शब्दांचा झाला. नाना आणि भाई चष्मे लावून, दिव्याखाली वाकून, त्यातले कोणते शब्द काढता येतील ते पाहत बसले होते. "वळण रस्ता" हा शब्द मात्र काढायचा नाही, असे भाईनेच सांगितले.