खुलासा : शेणखताने क्षार 'मरत' नाहीत

'एकरी चार ट्रॉली शेणखत टाका, क्षार मरतात, जिप्समचा खर्च वाचतो' असा मेसेज वाळवा, मिरज, शिरोळ भागातल्या ऊस उत्पादकांच्या ग्रुपवर फिरतोय. त्यातलं अर्धंच खरं आहे. (जिप्सम म्हणजे जमीन सुधारायला टाकतात ते कॅल्शियम असलेलं खनिज.)

क्षार म्हणजे मीठ. ते कुजत नाही की मरत नाही. पाण्यात विरघळून मुळांच्या खाली जातं आणि निचरा असेल तरच रानाबाहेर पडतं. शेणखत, कंपोस्ट, प्रेसमडने (साखर कारखान्यातली मळी) माती भुसभुशीत होते, पाणी मुरतं, त्यामुळे मीठ धुऊन निघायला मदत होते. उगवणही सुधारते. पण खाली पाणी तुंबलेलंच असेल, तर उन्हाळ्यात तेच मीठ पुन्हा वर येऊन पांढरं फुटतं. तिथं आधी चर किंवा सच्छिद्र पाइपचा निचराच करावा लागतो.

चोपण, म्हणजे सोडियम जास्त झालेल्या रानाचं दुखणं वेगळं. सामू (पीएच) ८.५ च्या वर, विनिमययुक्त, म्हणजे मातीच्या कणांना चिकटलेलं सोडियम १५ टक्क्यांहून जास्त. भिजलं की चिखल, वाळलं की दगड. तिथं सोडियमची जागा घ्यायला कॅल्शियम लागतं, म्हणून माती परीक्षणानुसार जिप्सम. ढैंचा (हिरवळीच्या खताचं पीक) फुलोऱ्यात गाडला तर तो कुजताना जमिनीतला चुना थोडाफार विरघळतो, तेवढाच कॅल्शियम मिळतो. खर्च कमी होईलही, पण जिप्सम बंद करण्याइतका भरवसा त्यावर ठेवू नये.

आणि कच्चं कोंबडीखत? त्यात स्वतःचेच क्षार भरपूर असतात. खारवट रानात ते ओतणं म्हणजे आगीत तेल.