हळदीच्या पाकिटावरचं नाव नोंदवताय? आधी क्लास नीट ठरवा

सांगलीच्या मार्केट यार्डातून हळद उचलून स्वतःच्या नावाने पाकीट विकणारे, तासगावकडचे बेदाणेवाले, मसाले-लोणची करणाऱ्या बचत गटाच्या ताई, सगळे नाव आणि लोगोवर महिनाभर खल करतात. ट्रेडमार्कच्या अर्जातला क्लासचा रकाना, म्हणजे माल कोणत्या गटात मोडतो ते सांगणारा, मात्र एजंटवर सोडून देतात. माझ्या मते ट्रेडमार्क तिथेच अर्धा वाया जातो.

एकूण क्लास ४५. १ ते ३४ मालाचे, ३५ ते ४५ सेवांचे. गिऱ्हाइकाच्या हातात काय पडतं, ते बघायचं. हळद पावडर ३० मध्ये, हळदीच्या कॅप्सूल ५ मध्ये, हळदीचा साबण ३ मध्ये, लागवडीचं बेणं ३१ मध्ये. द्राक्षांचंही तसंच: ताजी द्राक्षं ३१, बेदाणा २९, रस ३२, वाइन ३३. सगळ्यात जास्त घोळ मसाला आणि लोणच्यात होतो. चूल एक, लेबल एक, पण मसाला ३० आणि लोणचं २९! फक्त ३० घेतला तर लोणचं नोंदणीच्या बाहेर राहतं.

मग सरसकट पाच-सहा क्लास घ्यावेत का? नको. ऑनलाइन अर्जाला वैयक्तिक अर्जदार, स्टार्टअप आणि लघुउद्योगाला प्रत्येक क्लासमागे ४,५०० रुपये लागतात, बाकीच्यांना ९,०००. लघुउद्योगाची सवलत हवी तर उद्यम प्रमाणपत्र जोडा. शिवाय नोंद झाल्यावर पाच वर्षं न वापरलेलं नाव काढून टाका, असा अर्ज कुणीही बाधित माणूस करू शकतो. चारमिनार सिगारेटच्या नावावरच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली हेच सांगितलं: नोंद सगळ्या तयार तंबाखूची होती, माल फक्त सिगारेटचा निघत होता, म्हणून नोंद सिगारेटपुरती ठेवली. आज विकताय ते आणि लवकरच खरोखर काढणार आहात ते, एवढंच घ्या.

अर्जात मालाचं वर्णन लिहिताना घाई नको. अर्ज गेल्यावर यादीतून माल कमी करता येतो, नवा घालता येत नाही. राहिलेल्या मालाला नवा अर्ज, नवी फी आणि नवी तारीख. मधल्या काळात दुसऱ्याने तेच नाव टाकलं तर अर्जाच्या तारखेत तो तुमच्या पुढे.

३५ नंबरचा क्लास, ज्यात दुकान चालवण्यासारख्या विक्रीच्या सेवा येतात, बरेच एजंट सवयीने घालतात. स्वतःचाच मसाला स्वतःच्या दुकानातून विकायला त्याची गरज नाही. इतरांचा माल ठेवणारं दुकान किंवा ऑनलाइन पोर्टल त्याच नावाने चालवत असाल, तरच घ्या.

आणि क्लास वेगळा म्हणजे धोका टळला, असं समजू नका. माल एकमेकांच्या जवळचा असेल तर दुसऱ्या क्लासमधलं नावही आडवं येतं. म्हणून मसाल्यासाठी शोध घेताना ३० सोबत २९ आणि ३१ सुद्धा तपासा, तेही उच्चारानुसार.

नाव कधीपासून वापरताय, ती तारीख क्लासवार टाका. मसाला २०१९ पासून आणि लोणचं २०२३ पासून विकत असाल तर दोन्हींपुढे २०१९ लिहू नका. त्या तारखेसाठी प्रतिज्ञापत्र लागतं, सोबत जुनी बिलं आणि लेबलं.