खोट्या खिशाचे फायदे

कपडे घ्यायला जाल तेव्हा एक पथ्य कडक पाळा: कपडा उलटा करून पाहायचा नाही. आतली बाजू ही कपड्याची खासगी बाब आहे. तिथे लोंबणारे दोरे असतात, अर्ध्यावर सोडलेली तुरपाई असते, लांब लांब टाक्यांनी कशीबशी धरून ठेवलेली शिवण असते. बघितलंत तर मन खट्टू होईल आणि छातीवरच्या टिकल्यांची मजा जाईल.

पूर्वी शिंपी शिवणीच्या आत बोटभर कापड जादा सोडायचे, पुढेमागे अंग भरलं तर उसवून सैल करता यावं म्हणून. त्याला माया म्हणत. शब्दसुद्धा किती भाबडा! हजारो नग एकदम बेतणाऱ्याला असली माया परवडत नाही. तुम्ही सुटलात तर तो तुमचा प्रश्न, आणि त्याचं उत्तर दुकानात हॅंगरवर टांगलेलं आहेच.

साध्या कपड्यापासून चार हात लांब राहा. त्यात लपायला जागाच नसते. बिननक्षीच्या पांढऱ्या शर्टाची कॉलर एका बाजूला दोऱ्याइतकी चढली तरी दिसते, काज वाकडं असलं तरी दिसतं. चौकड्यांचं कापड असेल तर खिशावरची चौकट छातीवरच्या चौकटीशी जुळवावी लागते. त्यात कापड वाया जातं आणि वेळही. त्यापेक्षा मधोमध एक चमचमतं फुलपाखरू चिकटवलं की शिवण कुठूनही कुठे गेली तरी चालते. फुलपाखरू धुण्यात गळतं, पण तोवर फॅशनही गेलेली असते. इस्त्री मात्र करू नका. टिकल्या बहुधा प्लॅस्टिकच्या असतात.

खिसा घ्याल तो खोटाच घ्या. वर झकास झाप, झापेवर बटण, आणि आत बोट घातलं की भिंत. खऱ्या खिशाला आत पिशवी शिवावी लागते, ओझ्याने तोंड फाकू नये म्हणून कोपऱ्यांवर पक्के टाके घालावे लागतात. शिवाय त्यात माणूस काहीतरी ठेवतो. खोटा खिसा कधी फाटत नाही, फुगत नाही, त्यात सुटे पैसे विसरत नाहीत. फोन, किल्ल्या, रुमाल हातात धरून हिंडावं लागेल, पण त्यासाठीच तर पर्स विकायला ठेवल्या आहेत. (स्त्रियांना हे शिकवायला नको. त्यांना दुसरा पर्याय फारसा दिलेलाच नाही.)

जीन्स फाटकीच घ्या. १८७३ साली जेकब डेव्हिस नावाचा शिंपी आणि लेव्ही स्ट्रॉस हा कापडाचा व्यापारी यांनी अमेरिकेत एक पेटंट घेतलं: कष्टकऱ्यांच्या पॅंटचे खिसे कोपऱ्यात उसवतात, तिथे तांब्याचे रिव्हेट ठोकायचे. फाटू नये म्हणून बिचाऱ्यांनी एवढा खटाटोप केला. आपण गुडघ्यावर आधीच फाडून घेतो, म्हणजे पुढची काळजी मिटली.

कुणीतरी शहाणा तुम्हाला बो ब्रमेलचं उदाहरण देईल. लंडनच्या या गृहस्थाने भरजरी थाट बाजूला सारला. गडद कोट, स्वच्छ पांढरं लिनन आणि नेमकं बेतलेलं माप, एवढ्यावर त्याने उमरावांना आपल्या मागे लावलं. घाबरू नका, उत्तर तयार ठेवा: १८१६ साली तोच ब्रमेल कर्जापायी फ्रान्सला पळाला. जुगाराचाही त्यात हात होता, हे आपण होऊन सांगायची गरज नाही.

सूत आखूड तंतूंचं असलं की चार धुण्यांत तंतू वर येतात आणि कपड्यावर गोळे धरतात. ती फुकटची नक्षी समजा. आणि टिकाऊपणाचा एक धोका कुणी सांगत नाही: एकच शर्ट दहा वर्षांच्या फोटोंत दिसला तर कुठला फोटो कधीचा ते कळणार कसं? फॅशन पाळणाऱ्याला मागे तारीख लिहावी लागत नाही.

माझ्याकडून एकदा चूक झाली होती. निळा, साधा, शिवून घेतलेला शर्ट. बरीच वर्षं झाली, फाटायला तयार नाही. शेवटी कॉलरची कड विरली म्हणून ती उलटी करून घ्यायला एका शिंप्याकडे गेलो. जाताना मुद्दाम अंगात नवा, खांद्यावर झालरी असलेला शर्ट घातला होता. त्याने निळा शर्ट उलटा केला, शिवणीवरून अंगठा फिरवला, आतली माया चिमटीत धरून पाहिली आणि विचारलं, "कुणी शिवलाय हो हा?"

झालरींबद्दल त्याने एक अक्षर विचारलं नाही.