खाजनातलं भात आणि तो व्हॉट्सअॅप मेसेज

आपल्या ग्रुपांवर फिरतंय की समुद्राच्या पाण्यात उगवणारं जीएम (प्रयोगशाळेत जनुक बदललेलं) भात आलंय, खाजनात, म्हणजे गोव्यातल्या खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेतात, आता बांध नको आणि मानसही (भरतीचं पाणी अडवणारी झडप) नको. हे खरं नाही, आणि कुणी यावर विसंबून बांधाची डागडुजी सोडली तर खूप नुकसान होईल म्हणून लिहितोय.

मीठ सोसणारा जनुकांचा भाग, साल्टॉल, केरळच्या पोक्कळी भातातून मिळाला. पाण्याखाली तग धरायला लावणारा जनुक, सब१, ओडिशाच्या एका जुन्या वाणातून आला. सब१ असलेलं रोप बुडालं की उंच व्हायची धडपडच करत नाही, साठवलेली ताकद राखून ठेवतं आणि साधारण दोन आठवडे तगतं, पण तेही गोड्या पाण्यात हां! दोन्ही गुण एका वाणात आणायचं काम संकर करून, मग मार्करने (गुण रोपात आलाय का ते दाखवणाऱ्या डीएनएच्या खुणेने) पिढी दर पिढी निवडून होतं, भाताचाच गुण भातात, त्यामुळे हे जीएम नव्हे.

आता समुद्राचं म्हणाल तर मातीची क्षारता ३ डेसिसीमेन्स प्रति मीटरच्या (खारेपणा मोजायचं एकक) वर गेली की साध्या भाताचं उत्पन्न घटायला लागतं, समुद्राच्या पाण्यात ती ५० च्या आसपास असते, एवढं कुठलंच भात सोसत नाही. शिवाय साल्टॉलचा आधार मुख्यतः कोवळ्या रोपाला, फुलोऱ्यात खारं पाणी शिरलं तर दाणा भरत नाही.

आपला कोरगुट, म्हणजे खाजनातलं मीठ सोसणारं जुनं गावठी भात, तोसुद्धा पावसाने खाजनातलं मीठ धुऊन काढल्यावरच येतो, आणि ओल्ड गोव्याच्या कृषी संशोधन केंद्राने त्याच्यातूनच निवडलेले गोवा धान १ आणि २ या वाणांनाही मानस वेळेवर बंद व्हावीच लागते.